दुपारी तीनचा सेमिनार

दर गुरुवारी तीन वाजता, खोली क्रमांक एकोणीस.
केगावचं ऊन जानेवारीतही खिडकीला डोकं लावून बसलेलं.
प्रोजेक्टर तापला की दहा मिनिटं बंद ठेवायचा,
तेवढ्यात चहा,
आणि शिवलीलाच्या डब्यातून शेंगाचटणीचा वास,
कारण ती जेवायची विसरते. नेहमीच.

मागच्या गुरुवारी इरफानने उंदराच्या मेंदूतल्या
जागा ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या:
भिंतीजवळ एक पेटते, कोपऱ्यात दुसरी.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, अक्षांवर एकक लिहा.
सगळ्यांना त्या हेच म्हणतात.

आज माझी पाळी.
विषय: ऐकू येणं कमी झाल्यावर मेंदू काय करतो.
शेवटच्या बाकावर, दाराशी, नाना.
अंबादास इराबत्ती, वय एकसष्ट, अडतीस वर्षं पॉवरलूम.
बोलावलं नव्हतं. आले आपले, चप्पल बाहेर काढून.

मी सांगत गेले:
लॅपटॉपमध्ये चारशे पेशी, खोट्या.
कानाकडून येणारा धागा विरळ केला
तर वरच्या पेशी गप्प बसत नाहीत.
ठरावीक गलबल्याची सवय असते त्यांना.
तो मिळेना, की त्या आपलीच कळ पिळून वाढवतात,
इतकी, की त्यांची आपापसातली कुजबुजही
कल्ला होऊन बसते,
आणि कुणी वाजवत नसताना वाजायला लागतं.
हा आलेख. एकक हर्ट्झ.
मॅडमनी मान डोलावली.

कुठल्याच स्लाइडवर नव्हतं
की हा आलेख आमच्या घरात राहतो,
सकाळी मिश्री लावता लावता थांबतो
आणि म्हणतो, भोंगा झाला बघ.
मिल बंद पडली तेव्हा माझा जन्मही नव्हता.

प्रश्न?
पंखा फिरत राहिला.
मग दाराशी एक हात वर.
घरी आमचं तेलुगू; इथे त्यांनी मराठीत विचारलं,
मागाशेजारी उभं राहून बोलावं तेवढ्या मोठ्यानं:
"तुझ्या त्या चारशेत, थांबतो का तो?"

थांबत नाही, मी म्हणाले.
बाहेरून सारखा बारीक आवाज देत राहिलं तर
दबतो.

"म्हंजे मागच पुन्हा लावा की!"
सगळे हसले. सगळ्यात आधी तेच.
माग त्यांनी भंगारात किलोवर दिले होते, बारावीची माझी फी होती त्यात.
पुढची स्लाइड मला बराच वेळ सापडली नाही.

रात्री स्वेटर लागतो अजून, गड्डा उठलेला नाही,
आणि त्यांच्या उशाशी कूलर चालू.
टाकीत पाणी नाही, गवताच्या जाळ्या काढून ठेवलेल्या,
नुसती घरघर.
तीन हिवाळे आई त्या बिलावरून भांडतेय.
मीही भांडलेय. वेडे झालात का, इथपर्यंत.

आज बटणाकडे गेले नाही.
दारात उभं राहून फोनवर मोजलं:
अठ्ठेचाळीस डेसिबल.
मी हिशेबात बावन्न धरले होते, पुस्तकं चाळून.
ते कुशीवर, तोंड पंख्याकडे, गाढ.

उद्या मॅडमना सांगायचं, आकडा बदलतेय.
संदर्भ काय, असं त्या विचारतीलच.