कार्ड क्रमांक सतरा

नेवार्क, चौथा मजला. खाली छापखाना,
त्यामुळे टेबलावरचा चहा दिवसभर थरथरत असतो.
मी रुझेना हावलिक. आठवड्याला बावीस डॉलर.
काम एवढंच की कोण कुठल्या महिन्यात कुठे होतं
ते कार्डांवर लिहून बुटाच्या खोक्यात लावायचं.

कॅप्टन रिव्हेट चाळीसच्या मार्चमध्ये जन्मला,
जळत्या गोदीतून सरळ उभाच बाहेर आला,
तांबडा डगला, छातीवर सात खिळे.
एप्रिलच्या अंकात सहाच.
चूक लेमुएलची, पण निस्तरायची मी.
लिहिलं: एक खिळा त्याने मोडक्या पाळण्याला दिला.
लेडी सेमाफोर जूनपासून. तिच्या झेंड्यांची भाषा
ज्याने ठरवली तोच विसरला.
टिन स्पॅरो बारा वर्षांचा. अजून बाराच.

आमचं युद्ध देशाच्या आधी लागलं.
रिव्हेटने पाणबुडी काकडीसारखी मोडली,
पण तिच्यावरचा झेंडा मालकांनी कोरा ठेवायला लावला.
मग तो डिसेंबर आला,
आणि लेमुएल रात्रभर बसून
कोऱ्या झेंड्यांत शाई भरत राहिला.
वसंतात त्यालाही बोलावणं आलं.
ब्रश धुऊन, टोक जिभेने नीट करून, कपात ठेवून गेला.

पोरांची पत्रं यायला लागली:
एवढी ताकद आहे, तर लढाई संपवत का नाही?
संपादक फिंकल्बाइन दोन दिवस न पेटवलेली सिगार चघळत बसले.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, लिही,
समुद्राच्या मिठाने तो गंजतो. पलीकडे जाऊ शकत नाही.
हे ते सतरा नंबरचं कार्ड.
पोरांनी मानलं. पोरं समजूतदार असतात.

एक सांगायचं राहिलं.
अंकावर महिना दोन पुढचा छापतात,
दुकानदाराने शिळा म्हणून परत धाडू नये म्हणून.
आणि कार्डं तर त्याच्याही आधी होतात.
माझा भाऊ श्टेफान ऑक्टोबरात गेला,
इटलीतल्या कुठल्याशा नदीवर. तारेत नदीचं नाव नव्हतं.
तार आली त्या दुपारी खोक्यात फेब्रुवारी चालू होता,
स्पॅरो गोठलेल्या तळ्यावर घसरत होता.
श्टेफान नसलेले सगळे महिने
मी उन्हाळ्यातच लावून ठेवले होते,
पंख्याखाली, बर्फाचा गोळा खात,
स्वच्छ अक्षरात.

त्याच सुमारास कागदाचं रेशन आलं.
चौसष्ट पानांची अठ्ठेचाळीस झाली.
शाळेची पोरं जुने अंक दोरीने बांधून रद्दीत देत,
रिव्हेट रिव्हेटसाठी लगदा होत होता.
कापलेल्या सोळा पानांत काय घडलं
याचं कार्ड कोणी मागितलं नाही.

ते मी केलं. पेन्सिलीने.
त्या सोळा पानांत रिव्हेट समुद्रात उतरला.
अझोर्सपाशी गुडघे धरले. जिब्राल्टरला मान वळेना.
नदीवर पोचला तेव्हा बोटं उघडत नव्हती,
म्हणून तो काठावर नुसता उभा राहिला, रुंद,
एका माणसाला आडोसा होईल एवढा.
वाचवलं, असं मी लिहिलं नाही.
नियम मला माहीत आहेत, मीच लावलेत.
कार्ड सतराच्या मागे सरकवलं.

मेच्या अंकानंतर स्क्रँटनहून एका पोराचं पत्र आलं.
पान अकरा, चौकट तीन:
कॅप्टनचा गुडघा तपकिरी का दिसतो?
मी अंक काढून पाहिला. खरंच.
रंगवणाऱ्या आन्येलाला विचारलं,
तर ती वाटी धूत राहिली, वर न बघता म्हणाली,
लाल रंग संपला होता.
तिचा मुलगाही तिकडेच आहे.
आणि माझं खोकं कधीच कुलपात नसतं.

पोराला उत्तर टाईप केलं:
प्रिय मित्रा, तुझी नजर चांगली आहे.
पुढे काय लिहावं सुचेना.
खाली मशीन सुरू झालं, चहा हलला,
मी लिहिलं, कार्ड पाहून कळवते.