किती देते?

मिरजेत या गाडीला पहिला प्रश्न एकच:
किती देते?
पंपावर, दर्ग्याच्या कमानीपाशी,
कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता भाजीवालीसुद्धा.
डिझेल आहे. नऊ देते, म्हणते मी,
उतार असला तर साडेनऊ.
मग लोक आधी माझ्याकडं बघतात,
रिटायर सिस्टर, पेन्शनचा आकडा गल्लीला पाठ,
आणि मग बॉनेटवरच्या चांदणीकडं.

डॉक्टर उमराणींनी पंचाण्णवला घेतलेली.
लेकीकडं कॅनडाला कायमचे निघाले तेव्हा
मला दिली, एका स्कूटरच्या भावात.
किल्ली देताना एवढंच म्हणाले,
सिस्टर, हिला घेणं सोपं आहे.

सव्वीस वर्षं त्यांच्या टेबलाशी उभी होते.
मास्कवरचे डोळे वाचून हत्यार हातात ठेवायचं,
मागायच्या आत.
आता दस्तगीरच्या गॅरेजात, कुपवाड रोडला,
उलट्या डब्यावर बसते.
तो गाडीखालून नुसता पंजा काढतो,
मी चौदाचा पाना ठेवते.
तेराचा हवा होता, म्हणतो तो.
शिकतेय.

वायरींचं आवरण बोट लावलं की भुगा.
त्या सालात असंच केलं होतं म्हणे,
मातीत विरघळावं म्हणून.
दस्तगीर म्हणाला, चांगलाय की विचार,
पण आधी गाडी तरी मातीत जाऊ द्यायची होती.
दोन महिने एकेक वायर नवी ओढली,
रंग मिळाले नाहीत,
म्हणून वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, माझ्या अक्षरात,
अजून बॉनेट उघडलं की दिसतात.
खालचा बुश कंपनीचा मागवला तर माझं दोन महिन्यांचं पेन्शन.
नायकुडेनं लेथवर काढून दिला,
वर म्हणाला, जरा जाड केलाय,
रस्ता आपला आहे.

भाचा नोएल पुण्याहून सांगतो,
स्क्रीन बसव, कॅमेरा बसव, पांढरे एलईडी घाल.
एलईडी घातले. एक रात्र.
अंकलीच्या पुलाजवळ उसाचा ट्रॅक्टरवाला
डोळ्यांवर हात धरून थांबून राहिला,
मला ऑपरेशनचा दिवा आठवला.
सकाळी काढले.
मोबाइल चार्ज करायला भोक तेवढं पाडून घेतलं,
मागच्या सीटला पट्टे,
आणि हॉर्न, कारण जुना फारच सभ्य होता.

मग दिवाळीच्या तोंडावर एक दिवस
किल्ली फिरवली, काढली, मुठीत घेतली,
आणि इंजिन चालूच.
घराच्या दारात उभी राहून मी गाडीला म्हणाले,
बास आता.
ऐकेना.
दस्तगीर आला, एक नळी दाबून धरली तेव्हा थांबली.
म्हणाला, सिस्टर, हिचा जीव जाईना झालाय.
हवेच्या ओढीवर बंद होते ही,
कुठंतरी ओढ सुटलीय.

सुटलेली ओढ मला कळते.
सक्शनच्या नळ्यांशी आयुष्य गेलं.
घरातून स्टेथोस्कोप आणला,
त्याची चकती काढली, नुसती नळी ठेवली,
आणि डॅशबोर्डखाली अर्धी आडवी झाले,
नवा गुडघा बाहेर, जुना आत.
पोरं हसत होती. दस्तगीरनं त्यांना गप्प केलं.
तिसऱ्या वळणावर, रबराच्या सांध्यात,
सुईएवढी फुंकर.
इथं, म्हणाले मी.
पंधरा रुपयांचा तुकडा बसला.
किल्ली फिरवली. गाडी थांबली.
मला उगाच घड्याळाकडं बघावंसं वाटलं,
वेळ नोंदवायला.

राहता राहिला किलोमीटरचा काटा.
तीन लाख अकरा हजारांवर बंद पडलेला,
डॉक्टरांच्या वेळेपासून.
दस्तगीर म्हणतो, राहू दे की,
विकताना बरं पडतं.
नको, म्हटलं, चालू कर.
ते आकडे त्यांचे. त्यांत पहाटेच्या सिझेरियन आहेत,
उशीर झालेली दोन-तीन माणसं आहेत.
पुढचे माझे.
भाजी, चर्च, नायकुडेचा लेथ,
का असेनात, मोजले जाऊ देत.

काल पहिला एक फिरला, पंपावर पोचता पोचता.
पोऱ्यानं झाकण उघडत विचारलं,
मावशी, किती देते?