गुलाबी थर

भांडुपच्या खाडीवरून आणलेलं तिवराचं पान
मेहजबीन आधी जिभेला लावते.
तिच्या वहीत हे कुठंच लिहिलेलं नसतं.
"चाखून बघ ना, पुष्पलता."
मी म्हणते, मला काय चाखवतेस,
माझं बालपणच मिठागराच्या बांधावर वाळलंय.

पानावर पांढरे कण,
बनियनवर दुपारचा घाम उमटतो तसे.
बाहेरून एवढंच दिसतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
तिवराला ते खायचंच नव्हतं.
काही मुळाशीच अडवलं, काही पानावाटे घामासारखं टाकलं,
उरलेलं पेशीच्या मधल्या मोठ्या खोलीत कोंडलं.
पण कोंडलेलं मीठही गप्प बसत नाही,
भिंतीतून पाणी ओढतं,
चुलीपाशी, ओट्यापाशी, जिथं काम चाललेलं असतं
तिथलं पाणी.
म्हणून झाड त्या अरुंद जागेत
काहीतरी रांधून ठेवतं,
कितीही साठलं तरी कुणाला न बाधणारं.
प्रोलीन. बीटेन.
(पहिल्या वर्षी मी बाटल्यांवर बिटन लिहायचे.)
घरातलं पाणी घरात राहावं, एवढ्यासाठी.

फुकट होत नाही ते.
ज्या नत्रातून नवी फांदी फुटली असती
तेच यात जातं.
खाडीच्या तोंडाशी तिवरं दोन पुरुष उंच,
आणि जुन्या मिठागराच्या कडेची माझ्या कमरेला लागतात.
वय तेच, मेहजबीन सांगते.
मी मुंडी हलवते. मला माहीत होतं,
फक्त त्याला वय म्हणतात हे माहीत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर खिडकीत अठरा कुंड्या.
सहांना गोडं पाणी, सहांना निमखारं,
सहांना समुद्राइतकं.
पान आम्लात वाटायचं, गाळायचं,
निनहायड्रिन घालून तासभर उकळत्या पाण्यात,
मग बर्फात.
टोल्युइन ओतून नळी हलवली
की वरती थर चढतो, गुलाबी.
समुद्रवाल्यांचा इतका गडद
की पहिल्यांदा बघणारा म्हणतो, वा!

हाशा माझ्या बापाचं नाव,
आणि तो नावाला जागला.
गुडघाभर खाऱ्या चिखलात दिवस काढून
शनिवारी कापलेली मजुरी घेऊन यायचा
आणि उंबऱ्यातूनच ओरडायचा,
"मुकादम मीठ टाकाला इसरला गो,
पगार आलनीच आयलाय!"
आई हसायची. शेजारच्या सोमीकाकू हसायच्या.
आम्ही सगळी त्या हसण्यावर जेवायचो.
ज्या वर्षी मिठागर बंद झालं
त्या वर्षी तो सगळ्यात जास्त विनोदी होता.

परवा नळ्या लावता लावता मी विचारलं,
हे जे बनतं, त्यानं झाड वाचतं ना?
मेहजबीननं चष्मा काढला.
म्हणाली, बरेच जण तसं मानतात.
काही म्हणतात, वाचवणं वगैरे काही नाही,
जखम झाली की ते आपोआप साठतं,
ती नुसती खूण.
"गडद म्हणजे जास्त तगणारं,
की जास्त पोळलेलं?
एवढंच शोधतेय गं. चार वर्षं झाली."

यंत्रावर आकडा आला. तिनं लिहून घेतला.
मी दुसरी नळी पुढं केली.
मग तिसरी.

संध्याकाळी सगळं धुऊन ठेवते.
गुलाबी थर सिंकमध्ये ओतायचा नसतो,
त्याची वेगळी बाटली आहे, खालच्या कपाटात,
तपकिरी काचेची,
वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी:
टाकाऊ.
झाकण घट्ट लावावे.