लाल

लक्ष्मीपुरीच्या बाजारात गौराक्का
अंगठ्यानं कल्ला उचलून दाखवायची,
‘बघा, लालभडक!’
बाकी बोलावं लागायचं नाही.

यंदा माघात कळंब्याचं पाणी
पहाटेसुद्धा कोमट.
शिदूनं कोपर बुडवलं,
तान्ह्याच्या अंघोळीआधी बुडवतात तसं,
आणि गुमान जाळं ओढलं.

मरळ आली. पोटावर लाल.
शेपटीजवळ रुपयाएवढं लाल,
आतलं मांस दिसणारं.
कटले वर येऊन
नुसती हवा चावत होते.

मत्स्य खात्याचा पोरगा बाटलीत पाणी भरून घेतो.
‘पाणी तापलं की त्यातला श्वास आटतो, काका,
जंतू तेवढे पोसतात.
चुना टाकून बघा.’
शिदू हसतो,
‘चुना कुणीतरी आधीच लावलाय की ओ.’

दुपारी बाजारात गिऱ्हाईक विचारतं,
‘ताजी हाय न्हवं?’
गौराक्काचा अंगठा कल्ल्यापाशी जातो.
तळहात पोटावर.
झाकते,
मग हात काढून घेते.

‘आज न्हाई. आज लाल दुसरीकडं हाय.’

पाटी रिकामी करून
ती तराजू धुवायला बसते.
नळाचं पाणीही
कोमटच.