थर तिसरा, चूल

बडोद्यात मे महिना. कूलर नुसताच घोंघावतो
आणि मी पिशव्या उघडते एकेक:
चांगथांगची राख, चौदा हजार फुटांवरची.

तिथे जमीन अकरानंतर सैल व्हायची,
तीनला पुन्हा दगड.
तेवढ्यात काय ती खुरपी.
बोटं बधिर झाली की नोरफेल
स्टोव्हवरचं भांडं हातात द्यायचा.
चहा नव्हे, नुसतं गरम पाणी. धरायला.

अठरा दिवसांत मिळालं ते एवढंच:
तीन दगड, आतल्या अंगाने काळवंडलेले,
शेळीचं एक हाड, फुटलेलं.
सावे सर म्हणाले, लिहा,
"थर तिसरा. चूल. सोडून दिलेली."
लिहिलं.

निघायच्या दिवशी तंबू उतरले, खड्डे बुजवले.
आमच्या चुलीचे दगड मी उधळायला गेले,
मागे खूण नको म्हणून,
तर नोरफेलने मनगट धरलं.
दगडांच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ करून
एक कोरडी गोवरी ठेवली.
कुणासाठी, विचारलं.
खांदे उडवले त्याने. "येतंच कुणीतरी."

खाली दांडिया बाजारची रिक्षा हॉर्न देते.
आई डोकावून जाते: सेव-उसळ आणू का,
आणि ही धूळ पलंगावर कशाला?

अहवालाची शेवटची प्रत समोर आहे.
"सोडून दिलेली"वर काट मारते.
"ठेवलेली" लिहिते.

सर विचारतील, पुरावा काय.
हाडाशेजारची पिशवी, क्रमांक एकेचाळीस:
चिमूटभर शेण,
न जळलेलं.