पाय

रेजिना पहिल्यांदा म्हणाली, "उद्या ये, पाय करतेय,"
तेव्हा मला वाटलं, बकऱ्याचे.
चार भाकऱ्या फडक्यात बांधून गेले.
ती हसत हसत ओट्यालाच टेकली.
सफरचंदाच्या त्या पायाबरोबर
आम्ही भाकऱ्याही संपवल्या, वाया कशाला घालवा.

त्याला चौदा वर्षं झाली. रेजिना वसईला लेकीकडे गेली,
जाताना पत्र्याचा साचा माझ्या हातात दिला.
"वापरत जा गं. नुसता ठेवलास तर गंजेल."

मी तिच्यासारखं करत नाही.
दालचिनीचा वास ह्यांना औषधासारखा वाटतो.
मी खवा भाजते, मंद आचेवर,
बदामी होईपर्यंत, मग किंचित पुढे,
जिथे आई म्हणायची, "आता पुरे, आता हावरटपणा."
ओलं खोबरं, काळसर गूळ, चारोळी,
बेदाणे तुपात फुगवलेले, जायफळ अर्धं.
बाहेरून मैदा, गार लोणी, बर्फाचं पाणी.
"पिठाचे लाड नकोत," रेजिना सांगायची,
"जेवढं मळशील तेवढं रुसेल."

हे कुणी आधी सांगितलं असतं
तर श्रीरंगला मी इतकं मळलं नसतं.

कोपरीची खोली विकली तेव्हा
मी एक वाक्य बोलले, त्याने दोन.
वर्तकनगर ते ऐरोली, पाऊण तासाची रिक्षा.
नऊ वर्षं माझ्या उंबऱ्याला
धाकट्या भावाचा पाय लागला नाही.

बुधवारी शालनचा फोन आला,
"वन्सं, रविवारी येऊ का आम्ही?"
मी एका पायावर तयार.
खिडकीतून बघितलं तर खाडीतले रोहितही
चिखलात तसेच उभे.

रविवारी ओव्हन तापला आणि ह्यांनी गीझर लावला.
घरातली वीज गेली.
खटका वर करून ते गार पाण्यानेच न्हाले,
पौषात, एक अक्षर न बोलता.

काठ जुळवताना बोटं आपसूक वळली:
चिमूट, दुमड, चिमूट, दुमड.
रेजिना काट्याने दाबायची. माझी ही कानवल्याची मुरड.
घरातून कुणी लांब निघालं की आई कानवले करायची.
"मुरड घातली की माणूस मुरडून येतं."
श्रीरंग त्या दिवशी तरातरा जिना उतरला तेव्हा
त्याच्या हातात मी काहीच दिलं नव्हतं.

एके जागी मुरड उकलली.
गूळ उसळून बाहेर आला, साच्याला चिकटला, करपला.
नवा करायला वेळ नव्हता. खवाही नव्हता.

"काय केलंयस?"
"पाय."
"कुणाचा?"
शालनला ठसका लागला. तो हसला नाही,
पण केस पार पिकलेत त्याचे, हे मला तेव्हा दिसलं.
बोललो ते सगळं पाण्याच्या टाकीबद्दल, गुडघ्यांबद्दल,
त्याच्या मुलाच्या पुण्याच्या नोकरीबद्दल.
खोलीचं नाव कुणी काढलं नाही.
दुसऱ्या तुकड्याला शालन नको नको म्हणाली आणि ताटली पुढे केली.
श्रीरंगने साचाच ओढून घेतला,
चमच्याने करपलेला गूळ खरवडत बसला,
लहानपणी दुधाच्या पातेल्यापाशी बसायचा तसा,
आवाज करत.

निघताना चप्पल घातली, मग पाणी मागितलं,
मग चष्मा आतच राहिला म्हणून परत आला.
उरलेला पाय मी डब्यात भरला.
झाकणावर आईचं नाव, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.
त्याने त्यावरून अंगठा फिरवला.
"हा मी किती शोधला."
"माझ्याकडे होता."
लिफ्ट आली, दार उघडून थांबली.
"मग आणून दे," मी म्हटलं,
"आणि रिकामा आणू नकोस."