लसणीचा वास

करमळीच्या तळ्यावर सकाळी सातला
लसणीचा वास येतो.
जवळपास घर नाही. असतं तरी
इतक्या लवकर फोडणी कोण देणार?

पावलू होडी थांबवतो, वल्ह्याने तळ खरवडतो,
वर येते एक करडी-हिरवी गुंतवळ,
विंचरल्यावर फणीत राहते तशी.
चुरगाळली की करकरते. अंगावर चुन्याची पुटं.
"ही पळय," तो म्हणतो, "म्हशीसुद्धा हिला तोंड लावत नाहीत."

पुस्तकात तिचं नाव कारा.
आमच्यात तिला नावच नाही.
जी बाजारात विकत नाही, देवाला चढत नाही,
तिचं बारसं कोण करतो?

बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुतल्या.
फळ्याकडे पाठ करून पुष्कळ ऐकलं.
आता खिडकीत मिस्कुटाच्या रिकाम्या बरण्या मांडल्यात.
एकीत नुसतं तळ्याचं पाणी.
दुसरीत तेच पाणी, आणि कारा.
तिसरीत कारा नाही,
फक्त दुसरीतलं वाटीभर पाणी
रोज संध्याकाळी, जुन्या मलमलीतून गाळून.

सतराव्या दिवशी पहिली इतकी हिरवी झाली
की तिच्यातून समोरचा माड दिसेना.
दुसरीतून झावळीची पातीन् पाती मोजता येत होती.
आणि तिसरी,
जिच्यासाठी हा सगळा खटाटोप,
ती घुटमळली.
ताकावरच्या निवळीसारखी राहिली,
हिरवी व्हावं की नको, ते तिला ठरवता येईना.

म्हणजे स्पर्श नाही. काटा नाही.
सावलीसुद्धा नाही, सावली तर मी मलमलीतच अडवली होती.
जिला पळता येत नाही, चावता येत नाही,
ती पाण्यात काहीतरी सोडते
आणि शेजारचा हिरवा घोळका वाढायचा थांबतो.
गंधक असेल, लोटलीकर मॅडम फोनवर म्हणाल्या,
पण बरणीतलं तळ्याला लागू पडेलच असं नाही, लीलावती,
तिथे वारा आहे, गाळ आहे, बगळ्यांची शीट आहे.
खरंच आहे. मी वहीत तेही लिहिलं.

पावलूच्या असुंपताला सांगितलं तर ती हसली.
"बाये, शेजारीण बरी नव्हे तुझी ही."
मी म्हटलं, तळ्याला बरी आहे.
"तळ्याला बरी," ती म्हणाली, "मग त्या हिरव्यांचं तळं कुठलं?"
याचं उत्तर मला फळ्यामागून कधी ऐकू आलं नव्हतं.

चौथी बरणी मी कुणाला दाखवली नाही.
तिच्यात कारा, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाची ती
कोल्ह्याच्या शेपटीसारखी, मुळं नसलेली,
तीही पाण्यात आपलं काहीबाही सोडणारी.
दोघींना एकत्र ठेवलं.
वाटलं, आठवड्यात एक मरेल.
महिना गेला. कुणी मेलं नाही.
वाढलंही कुणी नाही.
पट्टी लावून मोजते रोज,
दोघी तेवढ्याच, जागच्या जागी,
पाणी मात्र असं स्वच्छ
की बरणी रिकामी समजून
नातवाने तिच्यात पेन्सिली ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात वायंगणासाठी मानस उघडतील.
दारातून पाणी सुटेल, त्याच्याबरोबर
या सगळ्या जणींनी एकमेकींविरुद्ध सोडलेलं सगळं
भाताच्या वाफ्यातून, बांधाखालून
कुंभारजुव्याच्या खाडीत जाईल.
खारं पाणी कुणाची बाजू घेत नसावं.

दुपारी उंडा मोडताना
बोटांना अजून तो वास होता.
साबणाने तीनदा धुतले होते हात.
नातू म्हणाला, आज्ये, लसूण सोललीस?
मी हो म्हटलं.